सोळाच्या आठ झाल्या, तर बिघडलं काय?

एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्ड अर्ध्यावर येतं, ही भीती सध्या आमच्या धंद्यात जोरात आहे. परतवाड्यात कॉम्प्युटर जोडून देणं आणि दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, रॅम किती टाकू? आता कॉलेजातली पोरं थेट लेनवर येतात. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं की दुसरी एनव्हीएमई एसएसडी लावली तर कार्ड सोळा लेनवरून आठवर येतं. ते ऐकून एक जण एसएसडीच घेत नाही, आणि दुसरा चांगला चालता मदरबोर्ड काढून नवा मागतो. ऐकलेली गोष्ट खोटी नाही. पण त्या गोष्टीपायी जो पैसा जातो तो बहुतेक वेळा वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि यात दोष विचारणाऱ्याचा नाही, विकणाऱ्याचा आहे.

सेमाडोहचं एक उदाहरण सांगतो. सेमाडोह म्हटलं की लोकांना सिपना नदी, पर्यटन संकुल आणि सफारीची जिप्सी आठवते. तिथल्या एका गाईडचा मुलगा अमरावतीला संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रोजेक्ट मला फार आवडला. त्याच्या मामाच्या शेतात, धुऱ्यावर, रात्री जनावरं येतात. रानडुक्कर येतं, रोही येतो, कधी सांबर. कोण किती वाजता येतं ते कळावं म्हणून पोरानं धुऱ्यावर दोन साधे कॅमेरा ट्रॅप बांधले. समोरून काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. मग त्या फोटोंतलं जनावर कॉम्प्युटरनंच ओळखावं, ही त्याची खटपट. जगभरातले कॅमेरा ट्रॅपचे फोटो नेटवर खुले मिळतात. तेही त्यानं अमरावतीच्या होस्टेलवर बसून उतरवून घेतले आणि एका जुन्या हार्ड डिस्कवर भरून गावी आणले.

यंत्र जुनंच. इंटेलचा नवव्या पिढीचा आय ७, त्याला झेड ३९० चिपसेटचा मदरबोर्ड, कुणा गेम खेळणाऱ्यानं विकलेला सेट. त्यात १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड. विद्यार्थ्याच्या हिशेबात उत्तम खरेदी. एक एनव्हीएमई आधीपासून होती. फोटोंना जागा पुरेना म्हणून त्यानं दुसरी आणली, आणि ती एका छोट्या अ‍ॅडाप्टर पट्टीवर बसवून खालच्या लांब स्लॉटमध्ये खोचली. दोन दिवसांनी मला फोन.

“काकाजी, एसएसडी लावली अन् कार्डाच्या अर्ध्या लेन गायब! आता कार्ड इकून टाकू काय?”

“थांब रे बाप्पा,” म्हटलं, “आधी पाहू तर दे.”

धारणीकडे एक काम होतंच. जाताना थांबलो. त्यानं जीपीयू-झेड उघडून ठेवलं होतं. हे एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कार्डाची कुंडलीच मांडतं. त्यात ‘बस इंटरफेस’ नावाच्या चौकटीत लिहिलेलं होतं: पीसीआयई एक्स १६ ४.० @ एक्स ८ १.१. पोराचं रक्त आटलं होतं ते त्या शेवटच्या १.१ नं. ‘चारच्या पिढीचं कार्ड एकवर धावून राह्यलं जी!’ त्या चौकटीशेजारी एक प्रश्नचिन्ह असतं. त्यावर टिचकी मारली की कार्डाला थोडं काम लावणारी चाचणी उघडते. ती सुरू केली. पंखा फिरला आणि १.१ चे ३.० झाले. रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला आपणहून वेग उतरवतं, काम आलं की चढवतं. मदरबोर्डच पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे ४.० दिसणार नव्हतंच. एक्स ८ मात्र तसाच राहिला. ते खरं होतं.

आता हे होतं कसं ते नीट समजून घेऊ, कारण अर्धी भीती इथंच उतरते. प्रोसेसर आणि बाकीच्या भागांमध्ये डेटा ज्या मार्गांनी जातो त्यांना लेन म्हणतात, आणि त्या मोजक्या असतात. या जातीच्या प्रोसेसरमधून थेट निघतात फक्त १६. वरच्या लांब स्लॉटमध्ये एकटं कार्ड असेल तर सोळाच्या सोळा त्याला. खालच्या लांब स्लॉटमध्ये काहीही बसवलं की मदरबोर्ड सरळ वाटणी करतो, आठ वरच्याला, आठ खालच्याला. एसएसडीला लागतात चार. म्हणजे खालच्या आठातल्या चार कुणाच्याच कामी येत नाहीत, आणि कार्डाला मात्र त्या परत मिळत नाहीत.

नव्या यंत्रांतही ही वाटणी संपलेली नाही, तिचं रूप बदललंय. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या अखेरीपासून, प्रोसेसरमधून पाचव्या पिढीच्या १६ लेन आणि एसएसडीसाठी चौथ्या पिढीच्या वेगळ्या ४ लेन मिळतात. त्या चारवर एसएसडी लावा, कार्डाला धक्का लागत नाही. पण काही महागड्या बोर्डांवर पाचव्या पिढीच्या एसएसडीसाठी जो खास स्लॉट दिलेला असतो, तो कार्डाच्याच सोळातून आठ उचलतो. गंमत बघा, स्वस्त बोर्ड घेणाऱ्याला हा त्रास सहसा नसतोच. त्याचे जास्तीचे एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडीच्या जागा, प्रोसेसरवरून नाही तर चिपसेटवरून येतात. तिथं एसएसडी लावली तर फार तर सॅटाचा एखादा पोर्ट बंद पडतो, आणि हार्ड डिस्क दिसेना म्हणून तो माझ्याकडे येतो.

आता वेगाचं. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला जवळपास १ जीबी वाहते. सोळा म्हणजे सुमारे १५.७५ जीबी, आठ म्हणजे सुमारे ७.९. चौथ्या पिढीत हे दुप्पट, पाचव्या पिढीत आणखी दुप्पट. म्हणून पाचव्या पिढीच्या आठ लेन आणि चौथ्या पिढीच्या सोळा यांची क्षमता एकच. पोरं बँडविड्थ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात आणि तिथं गफलत होते. कार्डाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात जी मेमरी बँडविड्थ छापलेली असते ती कार्डाच्या पोटातली: कार्डावरची मेमरी आणि कार्डाची चिप यांच्यामधली. १२ जीबीच्या ३०६० ची ती सेकंदाला ३६० जीबी आहे. तुम्ही एक एसएसडी लावा की चार, त्या ३६० ला कुणी हात लावत नाही. घट होते ती कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गात. कार्ड एकदा डेटा पोटात घेऊन कामाला लागलं की त्या मार्गावर फारसं कुणी फिरकत नाही.

सेमाडोहच्या पोराला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. त्याच्या प्रोग्रामात प्रत्येक फोटो लहान करून १२८० बाय ९६० ठिपक्यांचा होतो. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग, प्रत्येक रंगाला चार बाइट. एका फोटोचे झाले साधारण १४.७ एमबी. कार्ड सेकंदाला दहा फोटो तपासतं असं धरलं, तर मार्गावरून जाणारा माल सेकंदाला १४७ एमबी. आठ लेनची क्षमता ७,९०० एमबीच्या आसपास. दोन टक्केसुद्धा वापर नाही! सोळा लेन दिल्या काय, आठ दिल्या काय, चार दिल्या काय, रोही ओळखायला लागणारा वेळ तोच.

आणि हे काम काही पोरखेळ नाही. व्याघ्रगणना आता याच पद्धतीनं चालते. मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ राखीव जंगलांपैकी एक, त्यामुळे इथल्या पोरांना कॅमेरा ट्रॅप नवा नाही. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो निघाले. त्यांत वाघाचे किती, तर ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटो चाळावे तेव्हा एकात वाघ. गिनीज बुकात नोंद झालेली ही गणना. २०२२ मध्ये फोटोंचा आकडा ४ कोटी ७० लाखांवर गेला. हे सगळं माणसानं डोळ्यांनी निवडायचं म्हटलं तर पुढची गणना येऊन ठेपेल, म्हणून निवडायला सॉफ्टवेअर वापरतात. तेव्हा असल्या कामाला काय लागतं आणि काय लागत नाही, हे आपल्या भागातल्या पोरांना कळणं गरजेचं आहे.

मग त्याचं यंत्र हळू का चालत होतं? कारण ते हळू चालत होतं हे खरं. टास्क मॅनेजर उघडला. कार्डाचा वापर तीस-चाळीस टक्क्यांवर, आणि प्रोसेसरचा एकच कोर शंभरावर टेकलेला. फोटो जेपीजी असतात. ते आधी उलगडावे लागतात, आणि ते काम प्रोसेसर करत होता, तेही एका वेळी एक. कार्ड बिचारं वाट पाहत बसलेलं. एका वेळी किती फोटो उघडायचे ही सेटिंग प्रोग्रामात असते, ती एकवरून सहावर नेली. कार्ड नव्वदीत गेलं. एक्स ८ होतं तिथंच होतं. परतवाड्यापर्यंत रस्ता कितीही रुंद करा, सेमाडोहला पोचायची वेळ घटांगचा घाटच ठरवतो. कॉम्प्युटरमध्येही आधी घाट कुठे आहे ते शोधावं, मग फावडं उचलावं.

गेमवाल्यांचं काय, असं अकोल्याचं माझं एक गिऱ्हाईक नेहमी विचारतं. त्याला सोळाच पाहिजेत, जेवताना ताट भरलेलं दिसलं पाहिजे तसं. टेकपॉवरअप या संकेतस्थळानं २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० हे तेव्हाचं सगळ्यात दांडगं कार्ड चौथ्या आणि तिसऱ्या पिढीच्या सोळा लेनवर चालवून पाहिलं. म्हणजे मार्ग निम्म्यानं अरुंद केला, चौथ्या पिढीच्या आठ लेनइतका. बऱ्याच गेमांची सरासरी काढली तर फरक दोन टक्क्यांच्या आसपास. शंभरच्या जागी अठ्ठ्याण्णव फ्रेम. हा फरक डोळ्याला दिसतो असं जो म्हणतो त्याच्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो.

पण सगळीकडे असं चालत नाही, आणि या बाजूनं मी तितकाच आग्रही आहे. स्वस्त कार्डांत कंपन्या लेनच कापून देतात. आरटीएक्स ३०५० आणि ४०६० यांना मुळातच आठ. एएमडीचं २०२२ च्या जानेवारीत आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच लेनचं, आणि मेमरी ४ जीबी. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते बरं चालतं. आपल्याकडे मात्र असलं कार्ड कोण घेतो? ज्याच्याकडे जुना, तिसऱ्या पिढीचा बोर्ड आहे तोच. तिथं मार्ग उरतो सेकंदाला ४ जीबीचा. गेमचा माल ४ जीबीत मावला नाही की कार्ड वारंवार कॉम्प्युटरच्या रॅमकडे धाव घेतं, आणि मग त्या अरुंद मार्गाचा खरा चटका बसतो, चित्र अडखळतं. प्रोसेसरातही असंच. रायझन ८५००जी घेऊन त्याला पुढे मोठं कार्ड लावू म्हणणाऱ्याला कुणी सांगत नाही की हा प्रोसेसर कार्डाला चारच लेन देतो. तेव्हा नियम करायचाच तर एवढाच की कार्डाची मेमरी कामाला पुरत असेल तर लेनची चिंता सोडा, पुरत नसेल तर लेन मोजा. १२ जीबीचं जुनं कार्ड ८ जीबीच्या नव्यापेक्षा मी विद्यार्थ्यांना का सुचवतो, त्याचं कारण हेच.

डायरेक्टस्टोरेजचं नावही पोरं घेतात. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये विंडोजसाठी आणलेली ही सोय. पुढच्या वर्षी जानेवारीत ‘फोरस्पोकन’ हा ती वापरणारा पहिला गेम आला. एसएसडीवरचा माल दाबलेल्या रूपातच कार्डापर्यंत न्यायचा आणि तिथं उलगडायचा. चांगली युक्ती आहे. पण माल दाबलेला जातो म्हणजे मार्गावरचा भार उलट कमीच होतो, आणि जाताना तो अजून रॅममधूनच जातो. त्यापायी बोर्ड बदलू नका.

आता माझी तक्रार. आमच्या धंद्यात कोटेशन कसं लिहितात बघा: ‘एसएसडी १ टीबी, ग्राफिक्स कार्ड १२ जीबी, मदरबोर्ड १ नग.’ शाळा-कॉलेजांच्या खरेदीतही तेच. भाग मोजलेले, पण कुठला भाग कुठं बसेल आणि बसल्यावर काय बंद पडेल याचा उल्लेख नाही. ही माहिती गुपित नसते. प्रत्येक मदरबोर्डाच्या मॅन्युअलात असते, तळटिपेत, मुंगीच्या अक्षरांत, इंग्रजीत. हल्ली खोक्यात पूर्ण मॅन्युअलही येत नाही. एक घडीचा कागद आणि वर क्यूआर कोड, बाकी नेटवरून उतरवा. सेमाडोहसारख्या ठिकाणी जिथं रेंज येते-जाते तिथं माणसानं ते उतरवायचं, वाचायचं, आणि ‘हा स्लॉट भरल्यास तो स्लॉट आठवर चालेल’ हे वाक्य शोधून काढायचं! तो पट्टी घेऊन दिसेल त्या भोकात खोचणारच.

या पोराचंच बघा. त्याच्या बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट होता. थेट ग्राफिक्स कार्डाच्या खाली झाकलेला, म्हणून दिसला नव्हता. कार्ड काढलं, बोटाएवढी ती जागा दाखवली. तिथला स्क्रू ज्वारीच्या दाण्याहून लहान. पहिल्या मालकानं तो हरवलेला. तिथं एसएसडी लावली असती तर कार्डाला सोळा परत मिळाल्या असत्या. पण बोर्डाचं मॅन्युअल सांगत होतं की तो स्लॉट भरला तर सॅटाचे दोन पोर्ट जातात, आणि पोराच्या दोन जुन्या हार्ड डिस्क तिथंच टांगलेल्या. शिवाय चिपसेटवरचं सगळं सामान मिळून प्रोसेसरपर्यंत जो मार्ग वापरतं तो जेमतेम चार लेनचा. म्हणजे कुठूनही घ्या, काहीतरी सोडावं लागणारच. काय सोडायचं हे ज्याचं काम आहे त्यानं ठरवावं, पण आधी त्याला ते कुणीतरी सांगितलेलं असावं.

सेमाडोहच्या याच रस्त्यावर पुढे हरिसाल आहे. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं ते ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणलं, आणि २०१९ च्या निवडणुकीत ‘लाव रे तो व्हिडिओ’च्या प्रचारसभांमुळे ते पुन्हा वादात आलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण यंत्रं देऊन जाणारे खूप असतात आणि यंत्राशेजारी बसून चार ओळी मराठीत लिहून देणारे कमी, एवढं या पट्ट्यात फिरताना नेहमी दिसतं. मेळघाटात येणाऱ्या प्रत्येक संगणकासोबत एक छापील पान का असू नये? कार्ड किती लेनचं, बोर्ड कितव्या पिढीचा, कुठला स्लॉट भरला की काय कमी होतं, कुठला पोर्ट बंद होतो. विकणाऱ्याला दहा मिनिटांचं काम. ‘इतकं लिहीत बसलो तर धंदा कधी करू,’ असं आमचेच लोक म्हणतात. मी वर्षभरापासून बिलामागे शिक्का मारून हाताने लिहितो. तक्रारी कमी झाल्या, फोन कमी झाले. बोर्ड परत आणणारेही कमी झाले.

आणि वेगाचे स्टिकर! एसएसडीच्या खोक्यावर ७,००० एमबी ठळक छापलेलं असतं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तीच एसएसडी साडेतीन हजारांच्या आसपास थांबते. पोरानं त्या सात हजारांसाठी जादा पैसे मोजले होते. त्याच टेबलावर त्याचा मेमरी कार्ड रीडर पडलेला, जुन्या यूएसबी २.० चा, सेकंदाला तीसेक एमबी ओढणारा. धुऱ्यावरच्या कॅमेऱ्यातलं ३२ जीबीचं भरलेलं कार्ड त्यानं उतरवायला अठरा मिनिटं लागतात. यूएसबी ३ चा रीडर काही शेकड्यांत मिळतो, आणि कॅमेऱ्याचं कार्ड बरं असेल तर तेच काम सहा मिनिटांत होतं. दोन कॅमेरे म्हणजे दर वेळी चोवीस मिनिटांची बचत. लेन सोळा करून त्याची चोवीस सेकंदंही वाचली नसती.

एसएसडी शेवटी त्यानं खालच्याच स्लॉटमध्ये ठेवली, कार्ड आठवर, हार्ड डिस्क दोन्ही शाबूत. रीडर मी पुढच्या खेपेला नेऊन दिला. आता अडचण वेगळी आहे: रात्रीचे फोटो काळे-पांढरे येतात, आणि मान वळवून उभ्या असलेल्या रोहीला त्याचा प्रोग्राम सांबर म्हणतो. मामा म्हणतात, कोणीबी असो, हरभरा तर तोच खाऊन राह्यला न.